पाइपला कान लावणारे काका

"थांबा भाऊ, हा पाइप बोलून राहिला."

एवढं म्हणून काका हातातल्या लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक पाइपला टेकवायचे, मुठीला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. जिन्यावरून जाणाऱ्याने मग जागीच थांबायचं. हातात भाजीची पिशवी असो, नाहीतर ऑफिसला उशीर झालेला असो. मिनिटाभराने काका डोळे उघडायचे आणि निकाल सांगायचे, "दुसरा माळा. मागचं बाथरूम. वायसर गेलं."

निकाल कधी चुकल्याचं मला आठवत नाही. काकांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या पंपहाउसमध्ये फिटर म्हणून गेली होती. चालत्या मशिनीच्या पोटात काय बिघडलंय, हे तिथले जुने लोक असाच पेचकस लावून ऐकायचे. नोकरी संपली तरी ती खोड काही गेली नाही.

कोहका वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट होते, बाराही भाड्याचे. मालक रायपूरला. पंप, टाकी, कचरा, जिन्यातले दिवे असं सगळं काकांनी बघायचं आणि त्याबदल्यात तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायचं, असं ठरलेलं. खोलीपुढच्या चिंचोळ्या जागेत काकूंनी रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये मिरच्या आणि वांगी लावली होती.

तुम्हीही कधी भाड्याने राहिला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या घरातला नळ गळायला लागला की तो मालकाचा असतो. आपण खाली बादली ठेवतो, बादली भरली की बाथरूमचं दार ओढून घेतो. या विद्येत माझा हात धरणारा कोणी नव्हता.

आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी काका वर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट आत. मी सामानाच्या गठड्या सोडत होतो, मला वाटलं बायकोच्या माहेरचं कोणीतरी असेल. तिला वाटलं माझ्या ऑफिसचं. चहा घेऊन ती गेली, तर हा अनोळखी म्हातारा आमच्या संडासाच्या फ्लशला कान लावून, डोळे मिटून उभा.

"अहो, हे कोण?" ती पुटपुटली.

"तुमचा फ्लश रडून राहिला," काका डोळे न उघडता म्हणाले. "रात्रंदिवस बारीक धार आहे. तुमाले कळलं नाई?"

आम्हाला येऊन चार तास झाले होते. तरीही मी ओशाळलो.

पाण्याइतकंच त्यांचं कचऱ्यावर लक्ष. मागच्या कडुनिंबाखाली त्यांनी दोन ड्रम ठेवले होते. ओला कचरा त्यात पडायचा, वर वाळका पाला, आणि काही महिन्यांनी त्याची काळी भुसभुशीत माती काकूंच्या डब्यांत. ओल्यात कोणी चुकून प्लास्टिकची पन्नी टाकली, तर काका ती काढून धुवायचे, दोरीवर वाळवायचे आणि ज्याची त्याला घरपोच द्यायचे. रागवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "तुमची वस्तू राहून गेली होती."

त्या दिवसांत डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलं होतं आणि मी ते अगदी कडक पाळतोय, अशी बायकोची समजूत होती. मी कॅंप-एकच्या बाजारातून येताना समोसे खाऊन, हात पुसून, पुरावा खालच्या ड्रममध्ये टाकून वर यायचो. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. दार बायकोने उघडलं.

"ताई, भाऊंची चटणीची पन्नी," काका म्हणाले. "लाल चटणीची. समोश्यासंगं देतात ती. हप्त्यात तिसरी आहे."

पुढे महिनाभर आमच्या घरी दुधी झाला. सुक्या कचऱ्याचा डबा कुठला, ओल्याचा कुठला, हे मात्र मला त्यानंतर झोपेतही सांगता आलं असतं.

मग तो उन्हाळा आला. एप्रिल संपता संपताच बोअर धापा टाकायला लागला. पंप अर्धा तास चालायचा आणि नुसती हवा फेकायचा. आदल्या वर्षी टँकरवर टँकर बोलवावे लागले होते, त्यामुळे मालक आधीच वैतागलेला. त्याने येऊन सगळ्यांना पार्किंगमध्ये गोळा केलं आणि सगळ्यांसमोरच काकांना सांगितलं, "काका, पूरा मई बिना टँकर के निकाल दो, तो कमरा आपका. नहीं तो एक जून से ठेकेदार को दे दूंगा. वो अपना आदमी रखेगा."

काका म्हणाले, "ठीक है." काकू दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. गाव सुटून कितीतरी वर्षं झालेली, प्लांटचं क्वार्टर नोकरीबरोबर गेलेलं. ही खोली गेली तर जायला जागा नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांचं राज्य सुरू झालं. टाकी दिवसातून एकदाच, सकाळी सहाला भरणार. प्यायच्या पाण्याच्या मशिनीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं, त्याने फरशी पुसायची. वॉशिंग मशिनचं पाणी झाडांना. आणि मुख्य म्हणजे कूलर. कूलरमध्ये पाणी बादलीनेच भरायचं, नळाला पाइप लावायचा नाही.

"पाइप लावला का माणूस विसरते," काका म्हणाले. "बादली उचलली का हात याद ठेवते."

ही नियमावली मोठ्या अक्षरांत लिहायचं काम मी आपणहून घेतलं. एका कारखान्याच्या ऑफिसात मी कारकून आहे, सूचना लिहिण्यात आयुष्य चाललंय. वर ठळक मथळा दिला, 'जल ही जीवन है'. खाली नियम. त्याखाली, कोणी मागितली नसताना, माझी सही. जिन्याच्या तोंडाशी तो कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे सरून बराच वेळ बघत राहिलो.

दोन हप्ते छान गेले. भिलाईचा मे म्हणजे दुपारी पंख्यातून भट्टीची हवा यायची. आमचा कूलर रोज सहा बादल्या प्यायचा आणि त्या बादल्या उचलायचं काम माझ्या कमरेकडे होतं. तिसऱ्या हप्त्यात कमरेने राजीनामा दिला.

तेव्हा मला युक्ती सुचली. नियम पाइपविरुद्ध होता खरा, पण पाण्याबरोबर वर चढून नळ बंद करणारा बॉल बसवला, तर पाणी वाया कसं जाईल? बाजारातून बॉल आणला. मागच्या बाल्कनीतल्या कूलरला स्वतःच्या हाताने बसवला, वॉशिंग मशिनच्या नळाला पाइप जोडला, नळ उघडला आणि निवांत मनाने राजनांदगावला लग्नाला गेलो. बॉल कूलरच्या मोटरच्या वायरखाली अडकलाय आणि तो जन्मात वर येणार नाही, हे बघायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी परतलो तर सगळी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात. टाकी कोरडी. पंप लावला तर बोअरमधून हवा. कोणीतरी टँकरवाल्याचा नंबर शोधत होतं. काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. आणि काका माळ्यामागून माळा पाइपला पेचकस लावत चालले होते.

मी काय केलं असेल? शोधकार्यात पुढाकार घेतला. लग्नाचे कपडे अंगात, हातात टॉर्च. "असं बेजबाबदार वागणारी माणसं असतात," असं दोघातिघांना ऐकवलं. तिसऱ्या माळ्यावरच्या भाभीच्या बाथरूममध्ये तर मी संशयाने दोनदा वाकून पाहिलं. "भैया, मैंने तो आज कपड़े भी नहीं धोए," ती म्हणाली. "सब यही कहते हैं," मी म्हणालो.

मग घरी येऊन मागच्या बाल्कनीचं दार उघडलं. कूलर काठोकाठ भरलेला, खाली मागच्या नालीपर्यंत भिंत ओलीचिंब. टाकी संपली म्हणून आता पाइपातून थेंब थेंब पडत होते.

बाहेर आलो तर काका माझ्याच दारापुढे उभे. पेचकस कानाला नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जिना उतरायला लागले. खाली पोचून लोकांना म्हणाले, "टाकीचाच बॉल..."

"माझा कूलर," मी वरून म्हणालो. "मी पाइप लावला होता."

मी खाली उतरलो. काका वळून हळूच म्हणाले, "कावून सांगतलं? मी टाकीवर ढकलून देत होतो ना."

"टाकी तुमच्याकडे आहे काका. मग दोष तुमच्यावर आला असता."

"हाव. पण म्हाताऱ्या माणसाले चालते."

भाभी माझ्या कागदाजवळ उभी होती. तिने तो मथळ्यापासून सहीपर्यंत शांतपणे वाचून दाखवला. एकही ओळ गाळली नाही.

टँकर आला की काकांची खोली जाणार होती. मी टँकरवाल्याला फोन लावणाऱ्याचा हात धरला आणि म्हणालो, आज रात्रीपुरतं पाणी प्रत्येकाच्या दारात मी आणून देतो. बोअरला रात्रभर विसावा मिळाला की सकाळी पाणी येईल, असं काकांनीच सांगितलं होतं. गल्लीच्या टोकाला हातपंप होता. काका दांडा मारायला बसले, मी बादल्या वाहायला लागलो. बारा फ्लॅट, प्रत्येकी दोन बादल्या, तीन माळे. बायको पायरीवर बसून मोजत होती. "चौथी," ती म्हणाली. "समोसे जिरले का?"

सातव्या बादलीला मी जिन्यात बसलो तो बसलोच. मग भाभीच्या नवऱ्याने माझ्या हातातली बादली काढून घेतली, मग आणखी दोघे आले, आणि बघता बघता जिन्यात माणसांची रांग लागून बादल्या हातोहात वर जायला लागल्या. सकाळी सहाला काकांनी पंप लावला. बोअर दोनदा खोकला आणि पाणी आलं.

मे संपला त्या दिवशी मालक आला. "टँकर आया था?" त्याने विचारलं.

"टँकर तो नहीं आया," भाभी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ये आए थे."

मालकाला काही कळलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. खोली काकांकडे राहिली. काकूंनी सगळ्यांना वांग्याची भाजी वाटली.

आणि जुलैत काका म्हणाले, "चाललो."

हुडको वसाहतीतल्या एका मोठ्या बिल्डिंगवाल्यांनी त्यांना बोलावलं होतं. तिथे भर पावसाळ्यातही टँकर लागायचा. राहायला खोली देत होते, इथल्यापेक्षा मोठी नव्हे.

"महिनाभर या खोलीसाठी जीव टाकला यायनं," काकू भांडी बांधता बांधता म्हणाल्या, "अन आता हातानंच कुलूप लावून राहिले."

"तवा ते मले काढून राहिले होते," काका म्हणाले. "आता मी जाऊन राहिलो."

सामान पोचवायला मी गेलो. छोट्या गाडीत दोन ट्रंका, एक खाट आणि मिरच्यांचे डबे. हुडकोत गाडी रिकामी केली, खाट आत लावली आणि बघतो तर काका नाहीत. काकू ट्रंकेवर बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांनी हनुवटीनेच वर दाखवलं.

मान वर केली तर चौथ्या माळ्याच्या गच्चीवर टाकीचं झाकण उघडं होतं. काका कमरेपर्यंत आत गेलेले, बाहेर नुसते दोन पाय आणि त्यांतल्या एकाच पायात चप्पल.

मी खालून हाक मारली, निघतो म्हणून. टाकीतून घुमत उत्तर आलं, "हाव, व्हा पुढं. इथं लई काम आहे."

आवाज इतका खूश होता की काकूंना हसू आलं. त्या उठल्या आणि ट्रंकेतून चहाचं पातेलं शोधायला लागल्या.