पायऱ्यांसकट

सदाशिव पेठेत आज चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या निम्म्या माणसांनी मेहेंदळेबाईंच्या हातून कधी ना कधी अर्धे गुण गमावले आहेत. चौतीस वर्षं बाईंनी शाळेत गणित शिकवलं आणि चौतीस वर्षं लाल पेनाने एकच शेरा लिहिला: 'उत्तर बरोबर. पायऱ्या कुठे आहेत?' पोरगं रडकुंडीला येऊन म्हणायचं, "बाई, मी मनात केलं." बाई म्हणायच्या, "मग गुणही मनातच घे."

निवृत्तीनंतर बाई स्वस्थ बसतील असं ज्यांना वाटलं, त्यांनी बाईंना नीट पाहिलेलंच नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी बुधवार पेठेतून प्रोग्रामिंगचं एक जाडजूड पुस्तक आणलं, महिन्याभरात फडशा पाडला आणि त्यातल्या एकोणीस चुका लाल पेनाने दुरुस्त करून ते दुकानदारापुढे ठेवलं.

"विकलेला माल परत घेत नाही," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"परत कोण देतंय? पुढच्या गिऱ्हाइकाला सावध करता यावं म्हणून दाखवतेय."

शेजारी पुस्तकं चाळत उभी असलेली तनया हा आवाज ऐकून सवयीने ताठ झाली. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. आता ती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि दर रविवारी सकाळी पेठेतल्याच एका क्लासच्या हॉलमध्ये प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धा भरवायची. वीस-पंचवीस जण आपापले लॅपटॉप घेऊन यायचे. एक कोडं मिळायचं, दोन तासांत ते सोडवणारा प्रोग्राम पाठवायचा, आणि तपासायला माणूस नाही, यंत्र. उत्तर जुळलं की फळ्यावरच्या पडद्यावर नावापुढे हिरवी खूण, नाहीतर लाल शून्य. असे बारा रविवार. "या ना बाई तुम्हीही," तनया भिडेखातर म्हणाली, आणि बाई आल्या.

पहिल्या रविवारी बाईंना शून्य मिळालं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच.

झालं होतं असं की यंत्राला नुसतं उत्तर हवं असतं. उत्तर बेचाळीस असेल तर पडद्यावर बेचाळीस उमटायला हवं, त्याच्या आगेमागे टिंबसुद्धा चालत नाही. बाईंचा प्रोग्राम आधी 'दिलेले' छापायचा, मग 'सूत्र', मग एकाखाली एक नऊ पायऱ्या, आणि सगळ्यांत शेवटी, खाली दोन रेघा ओढून, 'उत्तर: बेचाळीस'.

"बाई, फक्त उत्तर छापा," तनयाने हळूच सांगितलं.

"आणि ते डोक्याने काढलं की शेजाऱ्याच्या वहीतून, हे तुझ्या यंत्राला कळणार कसं?"

तनया आठवीतल्यासारखीच "हो बाई" म्हणाली.

असे अकरा रविवार गेले. अकरा बरोबर उत्तरं, अकरा शून्यं. बाई दर वेळी तोंडाने "मला काय फरक पडतो!" म्हणायच्या आणि घरी जाताना रस्ताभर पडायचा तेवढा फरक पडायचा. त्यात पैज लागलेली. यजमान शरच्चंद्र हे निवृत्त कारकून, वृत्तीने कोरडे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी रोजच्या पेपरातलं शब्दकोडं त्यांच्या हाती कधी कोरं आलेलं नव्हतं. बाई चहाबरोबर ते भरून टाकायच्या. सहाव्या शून्यानंतर ते म्हणाले, "बारापैकी एक तरी हिरवी खूण आणलीस तर शब्दकोडं तुझं. नाहीतर यापुढे माझं." बाई तावातावाने हो म्हणाल्या. आता एकच रविवार उरला होता, आणि सकाळच्या त्या कोऱ्या चौकोनांवाचून चहा कसा उतरणार हे बाईंना काही केल्या कळेना.

बाराव्या रविवारी शरच्चंद्रही हॉलवर आले. "शून्य कसं देतात ते बघायला," असं म्हणून मागच्या खुर्चीवर वेफर्स घेऊन बसले.

कोडं सोपं होतं: एका वाचनालयाची स्थापना एक जानेवारी एकोणीसशे रोजी झाली, दिलेल्या तारखेला किती दिवस पूर्ण झाले? बाईंनी अर्ध्या तासात प्रोग्राम लिहिला. मग इकडेतिकडे पाहिलं, मन घट्ट केलं आणि चोरी केल्यासारखं तोंड करून सगळ्या पायऱ्या गाळल्या. नुसतं उत्तर पाठवलं.

लाल शून्य.

मान गेला तो गेला, वर शब्दकोडंही चाललं! तेवढ्यात आजूबाजूला चुळबुळ ऐकू आली. सगळ्यांनाच शून्य मिळत होतं. मग ऋषी नावाचा शेजारचा मुलगा एकदम ओरडला, "अरे, आन्सरमध्ये एक ॲड करा! ग्रीन येतंय!" आणि पटापट हिरव्या खुणा उमटायला लागल्या.

"एक कशासाठी मिळवायचा?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही मॅम. पण ग्रीन आलं ना!"

"का आलं?"

"मॅम, चालतंय त्याला हात नाही लावायचा. बेसिक रूल आहे."

हे ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गाळलेल्या पायऱ्या परत घातल्या, प्रोग्राम तसाच पुन्हा पाठवला आणि लॅपटॉप उचलून थेट तनयासमोर ठेवला.

"पायरी चार वाच. मोठ्याने."

तनया उभी राहून वाचू लागली, "एकोणीसशे या संख्येला चारने भाग जातो... पण शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो. तो जात नाही. म्हणून एकोणीसशे हे लीप वर्ष नाही." ती थांबली. "अय्या, बाई! मी उत्तरं काढताना त्या फेब्रुवारीचे एकोणतीस दिवस धरले."

"म्हणजे तू चुकलीस, आणि तुझ्या चुकीला जुळावं म्हणून हे वीस जण मुद्दाम चुकले. छान. कुठल्या शाळेचे म्हणायचे हे?"

तनयाने उत्तरं दुरुस्त केली. सगळ्या हिरव्या खुणा लाल झाल्या. तिने पाच मिनिटं वाढवून दिली आणि मुलं मुकाट्याने मिळवलेला एक काढू लागली. ती बाईंच्या कानाशी वाकली. "बाई, तुमचं मघाचं उत्तर बरोबरच होतं. तेच धरू का?"

बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. 'शेवटी पाठवलेलाच प्रोग्राम ग्राह्य,' तनयाच्याच अक्षरात. "मी चौतीस वर्षांत कुणाला ग्रेस दिली नाही. आता घेऊ?"

तरी पाच मिनिटं होतीच. पायऱ्या पुन्हा गाळायच्या, पाठवायचं, हिरवी खूण, आणि उद्या सकाळी चहा नि शब्दकोडं. बाईंचं बोट कळीवर गेलं. समोर चौथी पायरी दिसत होती. आत्ताच वीस शहाण्यांची चूक तिने पकडली होती, आणि तिलाच आता घराबाहेर काढायचं? बाईंना ते होईना. त्यांनी पायऱ्यांसकट प्रोग्राम पाठवला आणि हाताची घडी घालून बसल्या.

लाल शून्य. बारावं. मागून वेफर्सचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्रांनी पेपर उघडला. एकेचाळीस वर्षांनी कोरं शब्दकोडं! त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिला आडवा शब्द ऐटीत भरला. समोरची खुर्ची सरकली. बाई चहाचा कप आणि लाल पेन घेऊन येऊन बसल्या.

"कसा काढलात?"

"सुचला."

बाईंनी त्या शब्दाशेजारी समासात काहीतरी लिहिलं. शरच्चंद्रांनी चष्मा वर करून वाचलं: 'उत्तर बरोबर. पायऱ्या कुठे आहेत?'

दुसरा शब्द भरला. "हा कसा?"

तिसऱ्या शब्दापाशी त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेपर बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि दूध तापवायला आत निघून गेले.