मोटेवरची जर्मन

ओल्या चामड्याचा वास आला की माझी पाठ अजून ताठते. इंग्रजांची जर्मनीशी लढाई पेटली तेव्हा मी कॉलेजात अर्थशास्त्रासोबत जर्मन शिकत होतो. सुटीत कामरगावच्या मळ्यात विहिरीवर चामड्याची मोट हाकताना गाण्याऐवजी जर्मनचे धडे मोठ्याने म्हणायचो. एकदा ठाण्याच्या पोलीस जमादाराने ते ऐकलं. "दुश्मनाची बोली बोलून राह्यला काय?" म्हणत त्याने काठी उगारली.

त्याआधीच बापाचा चाबूक माझ्यावर पडला. सदरा फाटला, पाठ रक्ताळली. "आता बोलशीन?" बाप विचारत होता अन् मारतच होता. शेवटी जमादारच म्हणाला, "बस कर, मरून जाईन पोट्टं," आणि निघून गेला.

वर्षभर मी बापाशी बोललो नाही. त्या संध्याकाळी मी घरात पालथा पडलो होतो, ठाण्यात नाही, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर बाप नव्हता.