सव्वा महिन्याची बाजरी

आज कन्नडजवळच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या घरी जेवून आले, तेव्हापासून स्वतःवरच चिडले आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

कोरडवाहू शेतीसाठी सुधारित बियाणं गावोगाव पोचवणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात या घरी लोह जास्त असलेल्या बाजरीचं बी दिलं होतं. हलक्या रानातही पीक छान आलं.

त्या घरच्या सासूबाईंनी आग्रहानं जेवायला बसवलं. पाहुणी म्हणून मला त्याच बाजरीची गरम भाकरी वाढली. सून मात्र रेशनच्या गव्हाची पोळी घेऊन बसली. मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, तिचा चेहरा पांढराफटक.

"तू नाही खात बाजरी?"

"बाळ झाल्यावर सव्वा महिना खाल्ली की, ताई. आता कुठं बाळंतीण हाय मी?"

उरलेली बाजरी सासूबाईंनी कणगीत राखून ठेवली होती. आता लेक बाळंतपणाला येणार होती.

मी जरा वैतागूनच विचारलं, "मावशी, बाजरी फक्त बाळंतिणीनंच खायची, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्या उठल्या आणि फळीवरून एक कागद घेऊन आल्या. बियाण्यासोबत मीच वाटलेला. त्यावर बाळाला घेतलेल्या बाईचं चित्र आणि खाली मी लिहिलेली ओळ: बाळंतिणीसाठी उत्तम.

"तुम्हीच की. लई जपून ठेवलाय."

आता ती ओळ बदलायला बसले आहे. सव्वा महिना संपला तरी बाई उरतेच, हे मावशींना पटेल असं कसं लिहू? तुम्ही काय लिहिलं असतं?