धम्मदीपचा दुसरा गिअर

धम्मदीप रामटेकेचं पोट धातू तोडण्यावर चालतं. खरंच! नागपूरचा हा माणूस सिंगापूरच्या एका लॅबमध्ये बसून दिवसभर लोखंडाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मशीनमध्ये अडकवतो, लाख-दोन लाख वेळा हलवतो, तुटल्या की खूश होतो आणि त्या का तुटल्या यावर पानंच्या पानं लिहितो. तर अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन भर ट्रॅकवर फुटलं तेव्हा ते का फुटलं हे त्याला कोणी विचारायची गरजच नव्हती. पण बायकोने विचारलं. आणि याने थाप मारली.

झालं असं. यांच्याकडे एक जुनी, लाल, छोटी जपानी गाडी. सोमवार ते शुक्रवार ती त्याच्या बायकोला, प्रेमलाला, चोआ चू कांगच्या घरून हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत नेते, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवारी तुआसचा पूल ओलांडून मलेशियातल्या रेसट्रॅकवर जाते. नाद लागला होता आधी धम्मदीपला. प्रेमला नुसती डबा घेऊन सोबत जायची, पराठे वाटायची, स्टॉपवॉच धरायची. मग एकदा म्हणाली, "बघू, मी एक चक्कर मारते." आणि तिसऱ्याच ट्रिपला ती त्याच्यापेक्षा दोन सेकंदांनी पुढे! धम्मदीपने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. अभिमान खराच होता हो, पण आतून जरा जळजळ पण होती, ती त्याने कोणालाच सांगितली नाही.

मार्चमध्ये सकाळी प्रेमलाने गाडी चालवली, आणखी वेळ कमी केला, घामाघूम होऊन हसत खाली उतरली. दुपारी हा बसला. सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय, आता चौथा टाकायचा, घाईघाईत हात थोडा डावीकडे ओढला गेला, आणि पडला दुसरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा डायलच्या बाहेर. मग एक धडाम, मग धूर, आणि इंजिनाच्या पोटाला मुठीएवढं भोक.

"काय झालं रे?" प्रेमला धावत आली.

"मेटल फटीग," धम्मदीप म्हणाला. तोंडातून निघून गेलं! आणि एकदा निघाल्यावर तो गप्प बसेल तर शपथ. घरी येऊन त्याने रिपोर्ट लिहिला. फोटो, आलेख, सगळं. धातू एका झटक्यात तुटत नाही, लहान लहान धक्के साठत जातात, वर्षभर कोणीतरी रोज थोडं जास्त दाबलं की एक दिवस जातो, वगैरे वगैरे.

प्रेमलाने तो रिपोर्ट अख्खा वाचला. नीट वाचला.

हिशोब सोपा होता. रोज गाडी कोण चालवतं? ट्रॅकवर जास्त जोरात कोण पळवतं?

आता नवीन इंजिन निवडायचं. सुंगेई कडूतला त्यांचा मेकॅनिक अंकल हॉक, साठीचा, कायम हाफ पँटमध्ये, याने तीन पर्याय दिले. एक, भंगारात निघालेल्या तशाच गाडीचं तसंच इंजिन, फक्त नंबर नोंदवायचा. दोन, त्यापेक्षा मोठं, पण मग सरकारी परवानगी आणि कागदांचा ढीग. तीन, जुन्यासारखंच इंजिन पण आतून सगळं उघडून भारी, घडीव पार्ट टाकून बांधायचं. धम्मदीपने लगेच तीन पर्यायांचा बेचाळीस ओळींचा तक्ता केला. प्रेमलाने तो बघितला पण नाही.

"पहिलं घे. साधं. मी ट्रॅकवर नाही येणार आता."

"अगं पण का?"

"ऑफिसला जायला पुरतं तेवढं." आणि तिने स्वतःचं हेल्मेट जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर विकायला टाकलं.

चौदा वर्षांची लेक एकता सोफ्यावरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पा, मम्मी इज सो सॅड, ला. यू डू समथिंग."

समथिंग काय करायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. आणि तेच त्याला करायचं नव्हतं. शनिवारी तो वर्कशॉपमध्ये गेला तर अंकल हॉकने बिस्किटाच्या डब्यातून जुना पिस्टन काढून त्याच्या हातावर ठेवला. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे चार ओरखडे. काटा डायलबाहेर गेल्याशिवाय व्हॉल्व्ह तिथे येऊन आपटत नाहीत. अंकल म्हणाला, "फटीग, आह?" आणि इतका हसला, इतका हसला की त्याला खोकला आला. "यू टेल युअर वाइफ. इफ नॉट, आय टेल."

रविवारी अकरा वाजता हेल्मेट घ्यायला सेंगकांगहून एक गृहस्थ आले. शैलेंद्र, पुण्याचे, आयटी मॅनेजर, नुकतेच गो-कार्ट शिकायला लागलेले. बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, जिथे आज्या पत्ते खेळत बसतात, तिथेच त्यांनी हेल्मेट घालून बघितलं. घट्ट होतं. तरी दाबून घातलं.

"बसलं की!" आतून आवाज आला.

"घ्या मग," प्रेमला म्हणाली. तिचा चेहरा बघून धम्मदीपला राहवलंच नाही.

"विकू नको ते."

"का?"

"इंजिन तू नाही तोडलंस."

"मला माहितीये एका दिवसात नाही तुटलं. हळूहळू साठत गेलं ना, तूच लिहिलंस—"

"नाही गं. मी तोडलं. चौथा टाकायचा होता. दुसरा पडला."

हेल्मेटमधून आवाज आला, "बापरे! सेकंड?"

"तुम्ही थांबा हो," प्रेमला म्हणाली. आणि धम्मदीपकडे वळली. "काटा किती वर गेला?"

"आकडे संपले होते."

"आणि तो सात पानांचा रिपोर्ट?"

"आठ."

"आठ!" तिचा आवाज चिरकला. "दीड महिना मी ट्रेनमध्ये उभी राहून आठवतेय, कुठल्या वळणावर मी जास्त दाबलं, कुठे ब्रेक उशिरा मारला. आणि तू समोर बसून आरामात वांग्याची भाजी खात होतास! कशासाठी रे?"

धम्मदीप जमिनीकडे बघत म्हणाला, "तू दोन सेकंदांनी पुढे होतीस."

"चार," प्रेमला म्हणाली. "त्या दिवशी चार होते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने ओढणीने पुसलं आणि शैलेंद्रांना म्हणाली, "काढा ते. विकायचं नाहीये."

आता ते निघेना! कान अडकले. धम्मदीपने खांदे धरले, प्रेमलाने हेल्मेट धरलं, शैलेंद्र आतून "हळू, हळू, कान माझेच आहेत" म्हणून ओरडतायत, पत्ते खेळणाऱ्या आज्यांनी डाव थांबवलाय. शेवटी फट्‌कन निघालं, शैलेंद्रांचे कान टोमॅटोसारखे लाल, आणि प्रेमला आधी ओठ दाबून उभी होती, मग खो खो हसायला लागली. धम्मदीप पण हसायला लागला तर त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "तू नाही. तुला अजून परवानगी नाही."

इंजिन मग तिनेच ठरवलं. पहिलंच. धातूत काही खोट नव्हतीच, मग घडीव पार्ट कशाला? तेवढ्या पैशांत तेल थंड ठेवणारा कूलर, नवा क्लच आणि जरा कडक स्प्रिंगचा गिअरचा दांडा, चुकून दुसरा पडू नये म्हणून. चार रविवार दोघं अंकल हॉककडे बसून ते इंजिन उघडत होते, साफ करत होते, बेअरिंग मोजत होते. प्रेमला आकडे लिहायची, धम्मदीप नट आवळायचा, आणि प्रत्येक नट दोनदा तपासून झाल्यावर अंकल हॉक तिसऱ्यांदा तपासायचा, याच्याकडे बघत.

इंजिन बसलं, पण असं उघडून परत बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळूच चालवायचं असतं, अंकल हॉकचा कडक नियम. अडीच हजारांच्या वर काटा न्यायचा नाही. आणि हे काम कोणाचं, यावर घरात चर्चाच झाली नाही. बेट केवढं! पूर्वेच्या टोकाच्या चांगीपासून पश्चिमेच्या तुआसपर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर. म्हणजे वीस खेपा, आणि तोवर प्रेमलाचं ऑफिस ट्रेननेच. हजार पूर्ण झाले की ट्रॅकवरचा पहिला लॅप प्रेमलाचा, हेही ठरलेलं.

तर सध्या दर रविवारी सकाळी एक लाल गाडी हायवेच्या अगदी डाव्या लेनमधून बैलगाडीसारखी जाताना दिसते. परवा कुंड्यांनी भरलेली एक लॉरी तिला मागे टाकून पुढे गेली. धम्मदीपचा पाय आपोआप जरा दाबला गेला.

"अडीच," शेजारून प्रेमला म्हणाली.

"अगं, लॉरी आहे ती! झाडं घेऊन चाललीये!"

"जाऊ दे तिला." प्रेमलाने डब्यातून पराठा काढला, अर्धा मोडला, आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदाच स्वतःहून त्याच्या तोंडाजवळ धरला. "अजून सहाशे चाळीस राहिलेत."