चाच्यांच्या बरणीतलं लोणचं

मी म्हसळ्याला माहेरी गेले होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी माझी लोणच्याची बरणी अलिबागच्या संग्रहालयाला देऊन टाकली. मला न विचारता! थळला परत येते तो फडताळातली जागा रिकामी. "कार्डावर माझं नाव घालणारेत," हे छाती फुगवून म्हणाले. नाव म्हणे!

ह्यांच्या आजोबांच्या वेळी कुठलंसं जहाज फुटलं आणि ती बरणी वाळूत आली, एवढं खरं. पण सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मला दिलेली ती एकच वस्तू. दागिने नणंदांना गेले, त्याचं मला काही नाही. बरणी देताना मात्र त्या म्हणाल्या होत्या, "आता लोणचं तुझ्या हातचं." ती गेली म्हटल्यावर मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना टांग्यात घालून अलिबाग गाठलं. संग्रहालय कसलं, दोन खोल्या. गंजका नांगर, तोफेचे गोळे, बुडालेल्या गलबताच्या फळ्या आणि मधोमध लाल फडक्यावर माझी बरणी. खाली कार्ड: 'समुद्री चाच्यांची मद्याची बरणी.'

"चाच्यांची?" मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंची!"

तिथले प्रमुख बंदर खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी अलगद झाकण उचललं. "वास घ्या, बाई. इतकी वर्षं झाली, पण मद्याचा दर्प गेलेला नाही."

"अहो, हिंग आहे तो! गेल्या वैशाखातला!"

हे खिडकीबाहेर बघू लागले. गृहस्थांचे कान लाल झाले, पण माणूस हटेना. वस्तूची नोंद झाली, आता ती इथून हलायची नाही, असं म्हणाले. बरं तर, नका हलवू.

वैशाख लागला तशी मी टांग्यात चिरलेल्या कैऱ्या, मसाला आणि तेल घालून पुन्हा दारात हजर. पदर खोचला, बरणी पुसली आणि तिथेच लोणचं घातलं. "बरणी तुमची, लोणचं माझं," असं बजावून बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. लोणचं मुरेपर्यंत दर आठवड्याला जाऊन मी ते ढवळत होते. ह्यांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं.

आषाढात एका सकाळी दाराशी टांगा थांबला. ते गृहस्थ बरणी मांडीवर घेऊन बसलेले. "घ्या बाई तुमची बरणी. लोक तोफगोळे बघायचं सोडून लोणचं कुणाचं म्हणून विचारतात."

मी धावत जाऊन ती घेतली. जीव भांड्यात पडला. पण हातात घेतली तर केवढी हलकी!

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टोपी सारखी केली, टांगेवाल्याला चल म्हणाले, आणि टांगा वळता वळता मागे बघून ओरडले, "पुढच्या खेपेला मोहरी जरा जास्त चालेल!"