बुधवाऱ्यातलं दुहेरी अक्षरांचं नाणं

नाशिकहून निघालो तोच चिडून. फोनवरच्या एका व्हिडिओत एक गृहस्थ तावातावाने सांगत होता, "जुन्या नाण्यावर अक्षरं दुहेरी दिसली की समजा नशीब उघडलं!" उचलली जीभ, लावली टाळ्याला! तीस वर्षं मी परदेशी नाणी पाहतोय, त्यांतही कॅनडाची जुनी तांब्याची सेंटं माझ्या जिव्हाळ्याची. हे लोक बोलून मोकळे होतात आणि निस्तरावं लागतं मला.

बुऱ्हाणपूरच्या महाजन सरांनी असाच व्हिडिओ पाहून मला दोन सेंटांचे फोटो पाठवले होते. सर निवृत्त शिक्षक. त्यांचे काका तरुणपणी कॅनडात लाकडाच्या गिरणीत होते, तिथून ही नाणी घेऊन आले. "यातलं एक दोनदा जन्मलंय," असं काका मरेपर्यंत सांगत आणि घरातले सगळे त्यांना हसत. हसणाऱ्यांत सरही होते. आता सत्तरीत त्यांना एवढंच हवं होतं, की काका खरं बोलत होते का ते कळावं.

एका फोटोत अक्षरं ठळक दुहेरी दिसत होती. ते नाणं पाहायलाच मी निघालो होतो. दुसरा फोटो धुरकट होता, त्यावर मी तेव्हाच 'बेकार आहे' असं लिहून टाकलं होतं.

रावेर मागे पडलं, दोन्हीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या आणि माझा पारा जरा उतरला. पण बुऱ्हाणपूरला रिक्षावाल्याने तो पुन्हा चढवला. मला जायचं होतं बुधवारा मोहल्ल्यात, सरांच्या घरी. "बुधवारा यहीं से पास है, आगे गली पतली है," म्हणत त्याने मला भलत्याच चौकात उतरवलं. भर उन्हात पिशवी घेऊन तंगडतोड करत मी सरांच्या दारात पोहोचलो.

"बसा भाऊ, पहले पाणी घ्या," सर म्हणाले. मग आली मावा जलेबी (खव्याची जाड, काळसर जिलबी). हात पुसून मी भिंग काढलं.

नाणं पाडताना ठसा हलला, तर अक्षराची कड चपटी होऊन पायरीसारखी घसरते. हे नेहमीचंच, त्यात नवल काही नाही. पण तो ठसा घडवतानाच दोनदा दाबला गेला आणि मध्ये केसभर सरकला, तर दोन्ही रेघा गोल आणि उठावदार येतात, अक्षराच्या टोकाला बारीक खाच दिसते. समोरच्या नाण्यावर चपटी पायरी होती, आणि मी सरांना तसं सांगितलं.

"म्हणजे काका थापाच मारत होते," सर म्हणाले आणि नाण्याचा रुमाल घडी करू लागले. त्या व्हिडिओवाल्याला तिथेच धरून बदडावं, इतका मला संताप आला.

तेवढ्यात सरांची दोन वर्षांची नात दुडुदुडु आली. तिच्या कमरेच्या काळ्या करदोड्यात लखलखीत तांबं चमकत होतं. दुसरं सेंट!

"नाणं कुणी घासलं हे?" मी ओरडलोच. "जुन्या नाण्याला कुणी असं घासतं का?"

सरांच्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मी घासलं, चिंचेनं. तुम्हीच तं सांगितलं होतं, बेकार आहे म्हणून. म्हटलं तांब्याचं आहे, पोरीले नजर तरी नको लागाले. मंग सोनाराकडून छेद पाडून घेतला."

मी गुडघ्यांवर बसलो आणि भिंग लावलं. नाण्यावरच्या राणीच्या कपाळातून आरपार भोक. आणि कडेने देशाच्या नावाचं प्रत्येक अक्षर दुहेरी, गोल, टोकाला खाच असलेलं. दोनदा जन्मलेलं.

"सर, काका खरं बोलत होते," मी म्हणालो. "चुकलो मी."

सरांनी भिंग घेतलं. खाली वाकून ते बराच वेळ पाहत राहिले. डोळे पुसून म्हणाले, "काकाचं नाणं आम्ही कधी पाहिलंच नाही, नुसतं हसलो. अन् तुम्ही बी न पाहताच बोलले."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जलेबी बांधून दिली आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत सगळा राग माझ्यावरच उलटला होता. तो व्हिडिओवाला निदान अनोळखी माणसांशी बोलत होता. माझ्यावर तर एका म्हाताऱ्या माणसाने विश्वास टाकला होता. जलेबीचा पुडा उघडायची इच्छा झाली नाही.

भुसावळला फोन वाजला. कुणीतरी एका नाण्याचा धुरकट फोटो पाठवला होता: 'जरा पाहून सांगा.'

मी लिहिलं, 'हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही. तोवर त्याला भोक पाडू नका.'