सैल म्हणजे टाइट ना?

मंडळी, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या गेटवर उभा राहून लिहितोय. लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

उद्या मुलीची सायकल रेस आहे. तिच्यासाठी मी घरीच हलकी चाकं बांधलीयत. पातळ रिम, चाकाला फक्त वीस तारा. दुपारी मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढत होतो. तारांची चावी तिच्या हातात, माझा डोळा रिमला लावलेला.

एक तार जास्त ताणली गेली होती. म्हटलं, "ही थोडी सैल कर."

तिने चावी फिरवली. मी तार नखाने वाजवून पाहिली, तर आवाज चढलेला. वाटलं, माझेच कान गेले. "अजून सैल कर."

तिने पुन्हा फिरवली आणि रिम करकरली. इतक्या पातळ रिमला चीर गेली असती, तर उद्या भर वेगात चाक बसलं असतं. मी ओरडलो, "थांब. सैल कर म्हणतोय ना?"

"तेच तर करतेय यार, बाबा." तिचा चेहरा उतरला. "सैल म्हणजे टाइट ना?"

मुलगी दिल्लीतच वाढली, पण घरात शुद्ध मराठी चालतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो.

रिम वाचली. तार सैल केली, चाक सरळ झालं. आता ती ट्रायलला गेलीय. निघताना म्हणालो, "जपून चालव."

"हो बाबा," नेहमीसारखंच म्हणाली.

तुमच्या मुलांना "जपून" कळतं का हो? मी कधी विचारलंच नाही.